कुलूप दिसलं म्हणजे दुकान खरं, असं नाही



या वेळी एक चूक कबूल करून सुरुवात करते. २०२३ च्या उन्हाळ्यात मी या कामाला नवीन होते. तेव्हा मोबाईलच्या प्रशिक्षणात मी तुमच्यापैकी बऱ्याच जणींकडून एक गोष्ट पाठ करून घेतली होती. इंटरनेटवर पैसे भरायच्या आधी वर पत्त्याशेजारी छोटं कुलूप दिसतंय का बघा. कुलूप असेल तर साइट खरी, नसेल तर बाहेर पडा. फळ्यावर कुलपाचं चित्रसुद्धा काढलं होतं.

त्याच वर्षी दिवाळीनंतर एका गटाच्या सचिवताईंनी शिलाई मशीनच्या योजनेचा फॉर्म मोबाईलवर शोधला. समोर आलेल्या साइटवर अशोकस्तंभ होता, फोटो होते आणि वर कुलूपही होतं. त्यांनी 'नोंदणी फी' म्हणून १,८५० रुपये भरले. पुढे ना फॉर्म आला, ना मशीन. नऊ दिवस त्या घरात कोणाला काही बोलल्या नाहीत. बैठक संपून सगळ्या उठल्यावर मला बाजूला घेतलं आणि म्हणाल्या, "मॅडम, तुम्हीच सांगितलं होतं ना कुलूप बघायचं? मी बघितलं होतं की."

त्या गटाची बचत महिन्याला शंभर रुपये आहे. म्हणजे दीड वर्षाची बचत गेली. चूक त्यांची नव्हती. मी अर्धी माहिती पूर्ण म्हणून सांगितली होती.

मला वाटलं होतं तो विषय तिथेच संपला. पण मागच्या महिन्यात दुसऱ्याच गावात एका ताईंनी नवीन गटाला तोच धडा शिकवताना मी ऐकलं. "कुलूप असलं की बिनधास्त भरायचे पैसे." माझीच चूक माझ्या आधी गावात पोचलेली. म्हणून आज हे सविस्तर लिहायला घेतलं. आणि कुलपाच्या मागे लागले तेव्हा कळलं की भांडण फक्त कुलपाचं नाही, अख्ख्या दाराचं आहे.

दार कोणतं, दुकान कोणतं

आपण म्हणतो, "गुगल उघड आणि बघ." यात तीन वेगळ्या गोष्टी एकत्र होतात. क्रोम, फायरफॉक्स, सॅमसंग इंटरनेट, ऑपेरा, आयफोनवरचं सफारी ही ॲप म्हणजे ब्राउझर. ते दार आहे. गुगल सर्च म्हणजे दारात उभा राहून "कोणतं दुकान कुठे आहे" ते सांगणारा माणूस. आणि बँकेची, योजनेची, साडीची साइट म्हणजे प्रत्यक्ष दुकान. बहुतेकींच्या फोनमध्ये दारही गुगलचंच आणि वाट सांगणाराही गुगलचाच, म्हणून फरक जाणवत नाही.

आता कुलूप. तुमचा फोन आणि समोरची साइट यांच्यामध्ये जे काही जातं, म्हणजे नाव, आधार नंबर, पासवर्ड, ते सीलबंद डब्यातून जातंय, एवढंच ते कुलूप सांगतं. एसटी स्टँडवरच्या फुकट वायफायवर बसलेला कोणी मधल्यामध्ये डबा उघडून बघू शकत नाही. हे काम मोठं आहे, त्याला कमी लेखू नका. पण डबा ज्याच्या हातात जाऊन पडतो तो माणूस कोण, हे कुलूप सांगत नाही. चोराच्या पत्त्यावर सीलबंद पाकीट पाठवलं तरी ते सीलबंदच जाणार ना!

पूर्वी हे सील लावायला साइटवाल्याला पैसे मोजावे लागायचे, म्हणून लहान साइटना कुलूप नसायचं. २०१५ च्या शेवटी 'लेट्स एन्क्रिप्ट' नावाच्या ना-नफा प्रकल्पाने ते सगळ्यांना फुकट द्यायला सुरुवात केली. चांगलं काम. त्यामुळे आज जवळजवळ सगळ्या साइटना सील आहे. आणि अर्थातच चोरांनाही आहे.

गंमत म्हणा की दुर्दैव, मी फळ्यावर कुलूप काढत होते त्याच वर्षी, सप्टेंबर २०२३ मध्ये, क्रोमने ते चिन्हच काढून टाकलं. कारण त्यांच्याच २०२१ च्या पाहणीत फक्त ११ टक्के लोकांना कुलपाचा नेमका अर्थ सांगता आला होता. बाकीच्यांची समजूत माझ्यासारखीच. आता क्रोममध्ये तिथे दोन आडव्या रेघा आणि त्यावर ठिपके असं चिन्ह दिसतं. सचिवताईंचा फोन जुना होता, क्रोम अपडेट झालेलं नव्हतं, म्हणून त्यांना कुलूप दिसत राहिलं. काही दुसऱ्या ब्राउझरमध्ये ते अजूनही दिसतं.

मग बघायचं काय? पत्ता

आपण पाकिटावर मुक्काम, पोस्ट, तालुका, जिल्हा असं लिहितो. मोठं ठिकाण शेवटी येतं. साइटचा पत्तासुद्धा असाच वाचायचा. वरच्या पट्टीवर बोट ठेवून पूर्ण पत्ता उघडा. सुरुवातीच्या दोन तिरक्या रेघा सोडून द्या. त्यानंतर जी पहिली एकटी तिरकी रेघ येते तिथे थांबा. त्या रेघेच्या लगेच आधी जे आहे, तो जिल्हा. मालक कोण ते तिथे कळतं.

सरकारी साइटचा हा शेवट बहुतेक करून 'जीओव्ही डॉट आयएन' असतो, काही ठिकाणी 'एनआयसी डॉट आयएन'. हे पत्ते खासगी माणसाला विकत मिळत नाहीत. सचिवताईंच्या साइटमध्ये 'जीओव्ही' हा शब्द होता, पण सुरुवातीला, आणि शेवट होता 'डॉट ऑनलाइन'. बीडच्या गल्लीतल्या टपरीवर 'पुणे मिसळ' असा बोर्ड लावला म्हणून टपरी पुण्यात जात नाही. बोर्डावर काय लिहायचं ते मालकाच्या हातात असतं, जिल्हा त्याच्या हातात नसतो.

बँकांसाठी तर आता आणखी सोपं झालंय. रिझर्व्ह बँकेने सगळ्या बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत आपल्या साइट 'डॉट बँक डॉट इन' या पत्त्यावर न्यायला सांगितलं होतं. हा पत्ता फक्त बँकेलाच मिळतो. आपल्या बँक सखींनी ही एक ओळ प्रत्येक गटाच्या वहीत लिहून ठेवावी अशी माझी विनंती आहे.

फेसबुक किंवा इन्स्टाग्रामवरच्या जाहिरातीवर बोट लावलं की साइट बहुतेक वेळा त्या ॲपच्या पोटातच उघडते. तिथे पत्त्याची पट्टी बारीक असते, पूर्ण दिसत नाही. पैशाचं काम असेल तर तिथून बाहेर या आणि ब्राउझर स्वतः उघडून पत्ता स्वतः टाका.

एकच दार असलं की काय होतं

आता तुम्ही म्हणाल, दार कोणतं का असेना, आपल्याला काय फरक पडतो? मलाही तसंच वाटायचं. दक्षिण कोरियाची गोष्ट वाचली आणि मत बदललं.

१९९० नंतरच्या दशकात अमेरिका आपलं मजबूत सील बनवण्याचं तंत्र बाहेरच्या देशांना सहज देत नव्हती. कोरियाला इंटरनेटवर बँक चालवायची होती. मग त्यांनी स्वतःचं सील बनवलं. ते चालवायला ब्राउझरमध्ये एक जोडतुकडा बसवावा लागायचा, आणि तो बसायचा फक्त मायक्रोसॉफ्टच्या इंटरनेट एक्सप्लोरर या ब्राउझरमध्ये. सगळं सुरक्षेसाठीच केलेलं. पण पुढची कित्येक वर्षं कोरियात बँक, खरेदी, सरकारी काम, सगळं त्या एकाच दारातून. दुसरा ब्राउझर वापरणाऱ्याला बँकेत प्रवेश नाही.

आणि सुरक्षेचं काय झालं? प्रत्येक साइटवर गेलं की खिडकी उघडायची, "हे बसवा." लोकांना सगळ्याला 'हो' म्हणायची सवय लागली. चोराने खिडकी उघडली तरी 'हो'. ज्या गोष्टीने वाचवायचं तिनेच लोकांना बेसावध केलं. त्या जुन्या पद्धतीच्या सरकारमान्य प्रमाणपत्राची खास जागा कायद्यातून गेली ती २०२० च्या डिसेंबरमध्ये. २०२२ च्या जूनमध्ये मायक्रोसॉफ्टने तो ब्राउझर बंद केला, तेव्हा कोरियातल्या एका इंजिनिअरने ग्योंगजू शहरात त्याच्या नावाची दगडी समाधी बांधली. तिच्यावर लिहिलं, दुसरे ब्राउझर डाउनलोड करायला हा फार कामाचा होता! इतकी वर्षं वैतागलेल्या माणसाचा विनोद आहे तो.

याच ब्राउझरची बाहेरच्या जगातली गोष्टही ऐकण्यासारखी आहे. त्याच्याआधी नेटस्केप नावाचा ब्राउझर जोरात होता. मायक्रोसॉफ्टने आपला ब्राउझर कॉम्प्युटरसोबत फुकट द्यायला सुरुवात केली. १९९८ मध्ये अमेरिकेच्या सरकारने त्यावरून खटला भरला. कोर्टाने मक्तेदारी मान्य केली, पण तोपर्यंत नेटस्केप संपल्यात जमा होता. २००३ च्या सुमाराला जगातले शंभरातले नव्वदहून जास्त लोक एक्सप्लोरर वापरत होते. आणि कंपनी काय करत होती? २००१ मध्ये सहावी आवृत्ती काढली आणि सातवी काढली थेट २००६ मध्ये. पाच वर्षं! मध्ये भोकं पडत राहिली, व्हायरस शिरत राहिले. गावात सोयाबीन घेणारा एकच व्यापारी उरला की काटा कोण तपासणार, तसं. मध्येच २००४ साली मोझिला या ना-नफा संस्थेने फायरफॉक्स आणला, लोक तिकडे वळायला लागले, तेव्हा कुठे मोठ्या कंपनीला जाग आली.

आजचं दार

२००८ मध्ये गुगलचं क्रोम आलं. त्याचं श्रेय त्याला द्यायलाच हवं. प्रत्येक साइटला वेगळ्या खोलीत ठेवायचं, म्हणजे एका खोलीत चोर शिरला तरी तो दुसऱ्या खोलीत जाऊ नये, ही रचना क्रोमने घराघरात नेली. दर काही आठवड्यांनी अपडेट, तेही आपोआप. दोष शोधून देणाऱ्याला बक्षीस. ब्राउझर सुरक्षित ठेवणं हे खर्चाचं काम आहे, आणि क्रोमवर तो खर्च होतो.

पण आता जगात साधारण तीनपैकी दोन माणसं क्रोम वापरतात, आणि भारतात प्रमाण त्याहून जास्त आहे. क्रोमचं मूळ, क्रोमियम, हे उघडं ठेवलेलं आहे. कोणीही वाचावं, घ्यावं, आपला ब्राउझर बनवावा. ऑपेरा, सॅमसंग, २०२० पासून मायक्रोसॉफ्टचं एजसुद्धा, सगळे त्याच मुळावर उभे आहेत. मग हे मोकळं आहे की नाही? आपल्या गटाच्या भाषेत सांगते. दप्तर टेबलावर उघडं आहे, कोणीही वाचू शकतं. पण ठराव कोणता लिहायचा हे ठरवताना बहुतेक वेळा एकाच सदस्याचं चालतं. असा गट तुम्ही चांगला म्हणाल का? मी तपासणीला आले तर नाही म्हणणार.

या ठरावांचं एक उदाहरण थेट आपल्या फोनशी जोडलेलं आहे. २०२३ मध्ये गुगलच्या इंजिनिअरांनी प्रस्ताव मांडला की साइटने फोनला विचारावं, "तू खरा आहेस याचा दाखला आण", आणि तो दाखला गुगलसारख्या कंपनीने द्यावा. हेतू सांगितला तो खोटे ग्राहक आणि फसवणूक थांबवण्याचा. विरोध करणारे म्हणाले की याने जुने फोन आणि वेगळे ब्राउझर वापरणारे लोक दाराबाहेर राहतील. हे वाचताना मला रेशन दुकान आठवलं. मशीनवर अंगठा उठत नाही म्हणून खऱ्या आजी परत जातात, ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. खूप विरोध झाला आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये तो प्रस्ताव मागे घेतला गेला. दारं अनेक असली की विरोधाला वजन येतं.

पैशाचं म्हणाल तर, ब्राउझर फुकट मिळतो कारण तो आपल्याला सर्चपर्यंत नेतो आणि सर्चमध्ये जाहिराती असतात. ही जागा किती मोलाची? २०२२ या एका वर्षात गुगलने ॲपलला सफारीत आपलं सर्च आधीपासून ठेवण्यासाठी २० अब्ज डॉलर दिले, हे अमेरिकेच्या कोर्टात उघड झालं. गुगलशी स्पर्धा करणाऱ्या फायरफॉक्सच्या उत्पन्नाचा मोठा भागही गुगलकडूनच येतो. ऑगस्ट २०२४ मध्ये न्यायाधीश अमित मेहता यांनी गुगलची सर्चमधली मक्तेदारी बेकायदेशीर ठरवली. सरकारी वकिलांनी मागणी केली की गुगलला क्रोम विकायला लावा. सप्टेंबर २०२५ मध्ये कोर्टाने ते मान्य केलं नाही, पण "फक्त आमचंच ठेवा" असे करार करायला मनाई केली.

आपल्याकडेही हे झालंय. ऑक्टोबर २०२२ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने गुगलला १,३३७.७६ कोटी रुपये दंड केला. नवीन फोन घेतला की त्यात क्रोमसकट गुगलची ॲपं आधीच भरलेली असतात, फोन बनवणाऱ्याला सगळा गठ्ठा घ्यावाच लागतो, हा त्यातला एक मुद्दा. अपिलात दंड कायम राहिला, काही अटी निघाल्या आणि प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं.

पण दुसरी बाजूही खरी आहे, ती लपवणार नाही. "मोठी कंपनी नको" म्हणून कोणतंही दार घेऊन चालत नाही. काही वर्षांपूर्वी तुमच्यापैकी कितीतरी जणींच्या फोनमध्ये खारीचं चित्र असलेला यूसी ब्राउझर होता, आठवतो का? हलका, कमी डेटा खाणारा. २०१५ मध्ये कॅनडातल्या टोरोंटो विद्यापीठाच्या सिटिझन लॅबने तपासलं, तेव्हा तो लोक काय शोधतात, कुठे आहेत ही माहिती नीट सील न लावता पाठवत असल्याचं आढळलं. २९ जून २०२० ला सरकारने ज्या ५९ चिनी ॲपवर बंदी घातली त्यात तो होता.

देशी ब्राउझरसाठी सरकारने २०२३ मध्ये स्पर्धा ठेवली, २०२५ मध्ये झोहो कंपनी पहिली आली, बक्षीस एक कोटी. त्यांचा 'उला' ब्राउझरही क्रोमियमच्याच मुळावर आहे. वाईट आहे असं नाही, पण दप्तर तेच.

माझं मत विचाराल तर, कोणाचा ब्राउझर यापेक्षा तो ताजा आहे का, हे आज आपल्यासाठी जास्त महत्त्वाचं आहे. २०२३ च्या शेवटी क्रोमने अँड्रॉइड ७ च्या फोनना नवीन आवृत्ती देणं थांबवलं, २०२५ मध्ये ८ आणि ९ ला. मुलाने वापरून आईला दिलेला फोन बहुतेक याच वयाचा असतो. सेटिंगमध्ये 'फोनबद्दल' या ठिकाणी अँड्रॉइडचा नंबर दिसतो. तुमचा ९ किंवा त्याखालचा असेल तर त्या फोनवर क्रोममधून बँकेचं काम करू नका. फोन नवीन असेल तर प्ले स्टोअरमधून ब्राउझर अपडेट करा. आणि एक दुसरा ब्राउझर टाकून ठेवा, फायरफॉक्स किंवा दुसरा कुठला चांगला. एखादा फॉर्म एकात उघडला नाही तर दुसऱ्यात बघता येतो. "आमची साइट फक्त क्रोममध्येच चालते" असं कोणी सांगितलं तर ते गावाचं नाव घालून मला कळवा. आपण प्रभागसंघाकडून ते संबंधित ऑफिसला लेखी देऊ.

घरात एकच फोन असेल तर ब्राउझर "पासवर्ड जपून ठेवू का?" विचारतो तेव्हा बँकेसाठी 'नको' दाबा. अनोळखी साइटने "सूचना पाठवू का?" विचारलं तरीही 'नको'.

आणि पैसे गेलेच तर १९३० या नंबरवर लगेच फोन करा. जितका लवकर फोन, तितकी पैसे पुढच्या खात्यात अडवले जाण्याची शक्यता जास्त. सचिवताईंचे नऊ दिवस लाजेत गेले, त्यांचे पैसे मिळाले नाहीत. त्यांना विचारूनच मी हे लिहिलंय. त्या म्हणाल्या, "लिहा, पण नाव नको. आणि कुलपाचं बरोबर करून लिहा."

पुढच्या प्रभागसंघाच्या बैठकीला येताना फोन चार्ज करून आणा. जेवणाच्या सुट्टीनंतर अर्धा तास ठेवलाय. प्रत्येकीचा अँड्रॉइड नंबर बघू, आणि दोन पत्ते, एक खरा, एक खोटा, तुम्ही मला वाचून दाखवायचे.